न थांबणाऱ्या गाड्यांचे स्थानक

जलद गाडीने प्रवास करणाऱ्या मनुष्यास, ज्या स्थानकांवर ती गाडी थांबत नाही त्यांच्याविषयी सहसा काही विचार सुचत नाही. फलकावरील नाव पुरते वाचून होण्यापूर्वीच ते स्थानक मागे पडलेले असते. हिरवे निशाण धरून उभा असलेला एक गणवेशधारी इसम, एखादे कडुनिंबाचे झाड, एक बुटकी दगडी इमारत आणि फाटकापाशी खोळंबलेल्या दोन बैलगाड्या एवढेच काय ते क्षणभर दृष्टीस पडते, आणि मनात प्रश्न उठलाच तर तो इतकाच की, जेथे गाडी थांबतच नाही तेथे हा मनुष्य दिवसरात्र करतो तरी काय? रेल्वेच्या नोकरीतील माझी उमेदीची वर्षे अशाच स्थानकांवर गेली असल्यामुळे हा प्रश्न मला सोयऱ्याधायऱ्यांकडून वारंवार ऐकावा लागला, आणि प्रत्येक वेळी माझे उत्तर एकच असे. ती गाडी तेथे न थांबता पुढे जाते ती त्या मनुष्याच्या भरवशावर. त्याने पुढच्या स्थानकाशी बोलून तिची वाट मोकळी असल्याची खातरजमा केलेली असते, मागच्या स्थानकाला आपला शब्द दिलेला असतो, आणि त्या शब्दाच्या आधाराने शेकडो माणसे गाढ झोपेत त्याच्या समोरून निघून जातात. त्या शब्दाचे मोल काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे मला जसे उमगत गेले तसे येथे सांगावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

मराठवाड्यातून जाणारा आमचा लोहमार्ग निजामाच्या अमलात घातला गेला. ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ ही कंपनी १८८३ साली अस्तित्वात आली, आणि तिच्याच कारभाराखाली, एकोणिसावे शतक सरून विसावे उजाडत असताना, मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी आणि नांदेड या मार्गाने थेट हैदराबादेस पोहोचणारी ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ सुरू झाली. सुमारे ३९० मैलांचा हा मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत अवघे एक मीटर अंतर असलेला, आणि आरंभापासून एकेरी होता. १९३० साली रियासतीने तो कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतला; सप्टेंबर १९४८ मध्ये रियासत भारतात विलीन झाल्यावर १९५१ साली तो मध्य रेल्वेत दाखल झाला; आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली तेव्हा तिच्याकडे वर्ग झाला. सरकारे पालटली, फलकांवरील अक्षरे पालटली, गणवेशावरील बिल्ले पालटले. परंतु मार्गाचा एकेरीपणा कायम राहिला, आणि लहान स्थानकाच्या अस्तित्वाचे सारे रहस्य या एकेरीपणात आहे.

एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडून जाण्याची सोय केवळ स्थानकातच असते, कारण मूळ रुळाच्या शेजारी दुसरा रूळ तेथेच घातलेला असतो. दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असावी, हा तर पाळायचा पहिला नियम. तेव्हा ते अंतर जितके मोठे, तितक्या दिवसभरात धावू शकणाऱ्या गाड्या कमी. म्हणून दर दहाबारा किलोमीटरांवर, तेथे मोठे गाव असो वा नसो, बाजारपेठ असो वा उजाड माळरान असो, एक ठाणे बसविणे भाग पडले. गावाची सोय झाली हे खरे, परंतु ती ओघाने झाली. ठाणे मुळात बसले ते गाड्यांच्या परस्परभेटीसाठी. औरंगाबाद आणि जालना यांच्या दरम्यान चिकलठाणा, करमाड, बदनापूर अशी जी नावे वेळापत्रकात एकाखाली एक येतात, ती त्या दृष्टीने वाचली म्हणजे या मार्गाची सारी रचना डोळ्यांपुढे उभी राहते.

माझी पहिली तैनाती मात्र चिकलठाण्यास नव्हती. ती झाली मुदखेड जंक्शनला. नांदेडच्या पुढे हे लहानसे गाव; गुलाबाच्या आणि मोगऱ्याच्या मळ्यांसाठी त्या मुलखात नावाजलेले. हैदराबादकडे जाणारा मुख्य मार्ग तेथून सरळ पुढे जाई, आणि भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट असे करीत, पैनगंगेच्या खोऱ्यातील सागवानाच्या रानांतून आदिलाबादेस जाणारी शाखा तेथून फुटे. शाखेवरील गाड्या मोजक्याच. त्यामुळे मुख्य मार्गावरची गाडी उशिरा आली तर शाखेची गाडी तिच्यासाठी किती थांबवावी, हा तेथील रोजचा प्रश्न असे. माहूरच्या रेणुकामातेच्या दर्शनास निघालेली कुटुंबे किनवटपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे मोटारीने गडाकडे जात. नवरात्रात व दत्तजयंतीच्या सुमारास ती शेकड्यांनी उतरत, आणि मुलाबाळांसह, बोचक्यांसह, फलाटावरच पथाऱ्या पसरून शाखेच्या गाडीची प्रतीक्षा करीत. शाखेची गाडी सोडून द्यावी तर ही सारी माणसे दुसऱ्या गाडीपर्यंत अडकणार, आणि ती अडवून धरावी तर किनवटकडील प्रत्येक लहान स्थानकावर तिची वाट पाहत बसलेली माणसे ताटकळणार! जंक्शनवरील मनुष्याला वेळापत्रकाइतकेच न दिसणाऱ्या माणसांचे भान ठेवावे लागते. समोर बोलणारा, रागावणारा, विनवणी करणारा प्रवासी आपली बाजू स्वतः मांडतो. चाळीस मैलांवर अंधारात उभ्या असलेल्या प्रवाशाची बाजू मास्तरनेच मनात मांडावयाची असते. मुदखेडने मला हे शिकविले, आणि चिकलठाण्यास बदली झाल्यावर तेच पुढे अधिक खोलवर समजले.

चिकलठाणा हे त्या वेळी औरंगाबाद शहराच्या पूर्वेस, सुखना नदीच्या काठी वसलेले, ज्वारी-कापसाचे निखळ शेतकरी गाव होते. जालना रस्त्याच्या बाजूने औद्योगिक वसाहत नुकती आकार घेऊ लागली होती. तरी स्थानक त्या गजबजीपासून दूर, शेतांच्या मधोमध होते, आणि रात्री तेथे सिग्नलच्या दिव्यांखेरीज दुसरा उजेड नसे. पहाटेच्या सवारी गाडीला दुधाच्या बरण्या घेतलेले गवळी, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका आणि कचेरीत तारखेसाठी निघालेले शेतकरी येत. पुठ्ठ्याची जाड तिकिटे तारखेच्या यंत्रात दाबून मी खिडकीतून देत असे. गाडी येऊन गेली की फलाट पुन्हा रिकामा होई. एखादी म्हातारी चुकून दोन-तीन तास आधीच येऊन बसे आणि मधूनमधून विचारी, “मास्तर, गाडी कवा यील?” मी वेळ सांगे, तिच्याजवळ घड्याळ नसे, म्हणून पुढे म्हणे, “तुमी सांगा मंग, म्या हितंच बसते.” गावकऱ्यांच्या दृष्टीने स्थानक म्हणजे ही पहाटेची आणि सांजची गाडी. मधल्या वेळात, आणि त्याहून अधिक रात्री, तेथे जे चाले ते त्यांच्या दृष्टीआड चाले.

त्या कामाचा प्राण म्हणजे ‘लाइन क्लिअर’. करमाडहून एखादी गाडी आमच्याकडे निघावयाची असली म्हणजे तेथील मास्तर घंटीच्या ठरीव ठोक्यांनी आणि दूरध्वनीने मला विचारी. मग आधीची गाडी पूर्णपणे येऊन पोहोचली आहे, तिच्यासाठी पाडलेले सिग्नल पुन्हा आडवे झाले आहेत, आणि पहिल्या सिग्नलापर्यंतच नव्हे तर त्याच्या आत नियमाने ठरविलेल्या अंतरापर्यंत रूळ मोकळा आहे, अशी तिहेरी खात्री करून मी माझ्या यंत्राची मूठ फिरवी. तसे केल्यावरच करमाडच्या यंत्रातून पोलादाचा एक गोळा बाहेर पडे. त्या गोळ्यावर दोन्ही स्थानकांची नावे कोरलेली असत. तो चामडी पिशवीत घालून, पिशवीच्या वेताच्या कड्यासह ड्रायव्हरच्या हाती दिला जाई, आणि तो हाती आल्यावाचून कोणत्याही ड्रायव्हरने स्थानक सोडावयाचे नाही, असा दंडक होता. दोन्हीकडच्या यंत्रांची जोडणी अशी की, एक गोळा बाहेर असेतो दुसरा निघूच शकत नसे. धावत्या गाडीच्या ड्रायव्हरने एका हाताने जुना गोळा आमच्या माणसाकडे फेकावा आणि दुसऱ्या हाताने नवा गोळा कड्यासकट उचलावा, हा देखावा पाहण्यास मुले फाटकापाशी गोळा होत. परंतु पाहणाऱ्याला त्यातील चापल्य दिसे, आणि ज्याने तो गोळा दिला त्याच्या मनावर मात्र त्याच्या वजनाहून कितीतरी मोठे ओझे पडलेले असे. कोणी दुसऱ्यासाठी जामीन राहावे तसा मी त्या प्रत्येक गाडीसाठी जामीन राहिलेला असे, आणि ती पुढच्या स्थानकी सुखरूप पोहोचेपर्यंत त्या जामिनातून माझी सुटका नसे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, ज्याच्या शब्दावर मी विसंबे आणि जो माझ्या शब्दावर विसंबे, त्या पलीकडच्या मास्तरांपैकी कित्येकांची मुखे मी कधी पाहिलीही नाहीत. त्यांचा आवाज, बोलण्याची लकब, पहाटे तीनच्या सुमारास त्या आवाजात उतरणारी थकव्याची छटा हे सारे मला परिचित होते. कोणी गाडीची वार्ता देताना वेळ दोनदा उच्चारी, कोणी आकडा सांगितल्यावर तो मी लिहून घेईपर्यंत मुद्दाम थांबे. प्रत्येक देवघेव गाड्यांच्या नोंदवहीत मिनिटासह टिपावी लागे, आणि मोठ्या जबाबदारीच्या निरोपांना दोघांनी एकमेकांस गुप्त क्रमांक द्यावयाचा असे, जेणेकरून पुढे ‘मी असे म्हटलेच नव्हते’ म्हणण्यास कोणालाही जागा उरू नये. त्या दप्तरी शिस्तीचा मला कधी कंटाळा आला नाही. दोन अपरिचित माणसांचा परस्परविश्वास जेथे शेकडोंच्या प्राणांचा आधार होतो, तेथे तो केवळ सद्भावनेवर सोडून चालत नाही. त्याला नोंद, क्रमांक आणि स्वाक्षरी यांची भक्कम चौकट लागते.

याच शहाणपणाचा दुसरा आविष्कार सिग्नलात होता. आमचे सिग्नल जुन्या धर्तीचे, उंच खांबावर लाल हात असलेले; हात आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे या. खेड्यांतून “सिगनल पडला” हे शब्द गाडी आल्याची वर्दी म्हणून रूढ झाले ते यामुळे. तो हात खाली आणण्यासाठी स्थानकातून दांडा ओढून लांबलचक तारेवर जोर द्यावा लागे. उलट तार तुटली, किंवा ओढणाऱ्याचा हात सुटला, तर खांबावरचे वजन तो हात आपोआप आडवा करी. यंत्रात बिघाड झालाच तर तो ‘थांबा’ या बाजूस झुकावा, अशी ही योजना होती. ही साधी वाटणारी गोष्ट मनुष्यजातीला फार महागात शिकावी लागली आहे. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमधील ॲबट्स रिप्टन येथे हिमवर्षावात सिग्नलांचे हात बर्फाने जखडून ‘मार्ग मोकळा’ याच स्थितीत अडकून पडले. त्या काळी सिग्नल एरवी मोकळ्याच स्थितीत ठेवण्याची चाल होती, आणि ती एका रात्रीत किती घातक ठरली हे तेथील मृतांनी जगाला दाखविले. त्यानंतर सिग्नलाची स्वाभाविक स्थिती ‘थांबा’ हीच असावी, हे तत्त्व रुजत गेले. सायंकाळी आमचा बत्तीवाला रॉकेलचे दिवे घेऊन शिडीने खांबावर चढे तेव्हा, त्या दूरच्या रात्रीचे ऋण आपण चिकलठाण्याच्या माळावर फेडीत आहोत, असे मला अनेकदा वाटे. संशय असेल तेथे थांबावे, आणि मोकळीक ही प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावी, ही शिकवण मी रेल्वेत घेतली. पुढे संसारात आणि व्यवहारातही ती मला उपयोगी पडली.

आमच्याकडे एक वृद्ध सांधेवाला होता; त्याला सारे चाचा म्हणत. निजामाच्या रेल्वेत तो पोरवयात लागला होता. त्याने मला दिलेला धडा कोणत्याही नियमपुस्तकाहून अधिक ठसला. रुजू झाल्यानंतरच्या आरंभीच्या दिवसांत एक मालगाडी आत येताच मी तिची वेळ टिपण्यास खोलीकडे वळलो, तोच तो मागून म्हणाला, “मास्तरसाब, इंजन आया है, गाडी अब्बी नै आई.” आणि कंदील उंच धरून तो गाडीच्या शेपटाकडे पाहत तसाच उभा राहिला. गाडी आली, हे इंजिनावरून ठरत नाही; अखेरच्या डब्यावरील खूण, रात्री त्यावरील लाल दिवा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच ठरते. मधली साखळी तुटून चार वाघिणी मागे राहिल्या असतील तर त्या आंधळेपणाने मार्ग अडवून उभ्या असणार, आणि पुढच्या गाडीला मी ‘मोकळे’ म्हटले तर माझा शब्दच घातक ठरणार. आयर्लंडमध्ये आर्माजवळ १२ जून १८८९ रोजी चढणीवर अडकलेली सहलीची गाडी दोन भागांत तोडली गेली, मागचा भाग उतारावरून उलटा घसरला आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळून सुमारे ऐंशी माणसे, त्यांत कितीतरी मुले, प्राणास मुकली. दोन गाड्यांमध्ये एका संपूर्ण टप्प्याचे अंतर राखणे आणि सवारी गाडीच्या प्रत्येक डब्यास अखंड ब्रेक असणे ब्रिटनमध्ये कायद्याने सक्तीचे झाले ते त्याच वर्षी. चाचाला आर्मा ठाऊक नव्हते. परंतु आर्माने जे शिकविले ते त्याच्या अंगी मुरलेले होते.

पावसाळ्यातील एका रात्री ते ज्ञान कसोटीस लागले. जालन्याकडून आलेली मालगाडी न थांबता औरंगाबादकडे जावयाची होती. मुसळधार पाऊस कोसळत होता. गाडी समोरून धडधडत गेली, गोळ्यांची अदलाबदल झाली, आणि शेवटचा डबा पुढून गेला तो काळोखातच, तांबडा दिवा काही दिसला नाही. पावसाच्या धारांत आमची नजर चुकली, की दिवा विझला, की खरोखरच मागे काही राहिले? मी चाचाकडे पाहिले. त्याने मान हलविली. हातातील गोळा यंत्रात न टाकता मी तसाच बाजूस ठेवला, मालगाडी थांबवून तपासावी असा निरोप पुढे औरंगाबादला दिला, आणि करमाडला उभी असलेली सवारी गाडी रोखून धरण्यास तेथील मास्तरास कळविले. नंतरचा अर्धा-पाऊण तास फार दीर्घ होता. करमाडला प्रवासी कुरकुरत होते, दूरध्वनीवरून वरचेवर विचारणा होत होती, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे एकच वाक्य होते: खात्री झालेली नाही. अखेर औरंगाबादहून निरोप आला, गाडी पूर्ण आहे, गार्ड आपल्या डब्यात आहे, दिवा पावसाने विझला होता. मी गोळा यंत्रात टाकला, मार्ग मोकळा दिला आणि नोंदवहीत सारा तपशील लिहिला. काहीही घडले नव्हते. त्या सवारी गाडीतील कोणासही कळले नाही की, आपण कशासाठी खोळंबलो. आणि ते कळण्याचे कारणही नव्हते. आमच्या कामाचे सर्वोत्तम फळ म्हणजे हे ‘काहीही न घडणे’ होय. ज्या व्यवसायांत यश डोळ्यांना दिसते त्यांचा गौरव होतो, आणि तो व्हावाही; परंतु असेही व्यवसाय आहेत, ज्यांचे यश म्हणजे एक न झालेली दुर्घटना, एक न फुटलेला टाहो, आणि ते करणाऱ्याने त्यातच समाधान मानावयाचे असते.

१९७२ च्या दुष्काळात त्या मार्गाचे महत्त्व मी एरवीपेक्षा निराळ्या रीतीने अनुभवले. मराठवाड्याच्या विहिरी आटल्या, ज्वारी जळाली, गुरे कवडीमोलाने गेली, आणि लोक खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर हजेरी लावून मिलो आणि सुकडी यांवर दिवस काढू लागले. बाहेरून येणारे धान्य मनमाडपर्यंत ब्रॉडगेजने येई, तेथे हमाल ते पाठीवरून मीटरगेजच्या वाघिणींत भरत, आणि मग ते आमच्या समोरून पूर्वेकडे जाई. दोन रुळांतील अंतराचा तो फरक म्हणजे भुकेल्या प्रदेशाच्या वाटेत पडलेली एक उंच पायरीच होती. प्रत्येक पोते त्या पायरीपाशी खाली उतरावे आणि पुन्हा वर चढावे लागे. धान्याच्या गाडीस मार्ग देताना माझा हात यंत्रावर नेहमीहून किंचित लवकर जात असे, हे मला अजून स्मरते. नियमांतील एकही खात्री मी वगळली नाही, परंतु खात्री करण्यासाठी पावले मात्र झपाट्याने पडत.

ती पायरी दूर व्हावी म्हणून मराठवाड्याने दीर्घकाळ मागणी केली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या, मुक्तिसंग्रामात तावून निघालेल्या नेत्याने मनमाडपासूनच्या मार्गाचे रुंदीकरण हा मराठवाड्याच्या विकासाचा प्रश्न म्हणून लावून धरला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते काम प्रत्यक्षात आले. मीटरगेजचे रूळ उखडले गेले, वाय.पी. आणि वाय.जी. वर्गाची वाफेची इंजिने तर त्याआधीच दिसेनाशी होत चालली होती. आज देवगिरी आणि तपोवन एक्स्प्रेस मुंबईहून थेट येतात, मनमाडला कोणी गाडी बदलत नाही, वर विजेच्या तारा आल्या आहेत, आणि २००३ साली स्थापन झालेल्या नांदेड विभागातून या मार्गाचा कारभार चालतो. चिकलठाणा शहराने आपल्यात ओढून घेतले आहे. जेथे ज्वारीची ताटे डोलत तेथे इमारती उभ्या आहेत. रंगीत दिव्यांचे सिग्नल, खटक्यांची मांडणी असलेले पॅनेल, आणि अनेक ठिकाणी टप्प्याच्या दोन्ही टोकांना आस मोजणारी यंत्रे आली आहेत; जितके आस आत गेले तितकेच बाहेर आले, एवढे यंत्राने सांगितले की गाडी पूर्ण आल्याचा तो पुरावा होतो. चाचा कंदील धरून जे पाहत असे, ते आता विद्युत् मोजणी करते, आणि ती त्याच्याहून अधिक अचूक आहे. याचे मला दुःख नाही. माणसाच्या डोळ्यावरील भार हलका करणे हे विज्ञानाचे कर्तव्यच आहे, आणि ज्याने रात्रपाळीची पहाट डोळ्यांत काढली आहे तो या भारमुक्तीचे स्वागतच करील.

परंतु निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनी, ८ मे २०२० च्या सकाळी, करमाडजवळची वार्ता ऐकली तेव्हा आमच्या शब्दाची मर्यादा मला जितकी टोचली तितकी नोकरीत असताना कधी टोचली नव्हती. टाळेबंदीने काम बंद पडलेले, जालन्याहून गावाकडे निघालेले मध्यप्रदेशचे मजूर भुसावळकडे पायी चालले होते. रात्रभर चालून थकल्यावर ते रुळांवरच निजले, आणि पहाटे आलेल्या मालगाडीखाली त्यांतील सोळा जण ठार झाले. सवारी गाड्या बंद होत्या, म्हणून मार्गच बंद असेल, अशी त्यांची समजूत झाली असावी. पण मार्ग कधी बंद नसतो. धान्य, इंधन आणि खत यांच्या गाड्या त्या दिवसांतही धावत होत्या. मी ज्या टप्प्याचा मार्ग असंख्य वेळा मोकळा दिला त्याच्या शेजारचाच तो भाग. मार्ग मोकळा आहे, असे जेव्हा मास्तर म्हणतो तेव्हा तो एका गाडीला दुसऱ्या गाडीविषयी हमी देत असतो. नोंदवहीत गाड्यांचे क्रमांक असतात, वेळा असतात. अंधारात रुळाच्या कडेने घराकडे चालणाऱ्या मनुष्याचा रकाना त्यात नसतो. यात कोणा कर्मचाऱ्याकडे मी बोट दाखवीत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, व्यवस्था ज्यांची नोंद ठेवते त्यांचेच रक्षण करू शकते. आणि म्हणून ज्यांची नोंद कोठेच नाही त्यांच्याविषयी कोणी तरी जागे राहणे, हे समाजाचे असे काम आहे की जे कोणत्याही यंत्राकडे सोपविता येत नाही. मुदखेडच्या फलाटावर, न दिसणाऱ्या प्रवाशाची बाजू मनात मांडावयास मी शिकलो होतो. ती शिकवण किती दूरवर न्यावी लागते हे मला करमाडने दाखविले.

लहान स्थानकांचा विचार आता उत्पन्नाच्या आकड्यांवरून होतो. जेथे तिकिटे कमी खपतात तेथील मनुष्यबळ कमी करावे, जेथे यंत्र पुरेसे आहे तेथे माणूस कशास, असे हिशेब मांडले जातात, आणि त्यांतील काही खरेही असतील. रेल्वेचा पैसा लोकांचा आहे, तो जपून खर्चावा हे मला मान्य आहे. मात्र हिशेब करणाऱ्यांनी स्थानकाचे काम खिडकीतून विकल्या गेलेल्या तिकिटांवरून मोजू नये. तेथून न थांबता सुरक्षित गेलेल्या गाड्यांवरून मोजावे. आणि अशा एखाद्या आडबाजूच्या ठाण्यावर आज नव्याने रुजू होणाऱ्या तरुण मास्तराला माझे सांगणे आहे की, तुमच्यापुढील पॅनेल गाडी पूर्ण आल्याचे दाखवीत असले तरी, पाऊस असो वा थंडी असो, खोलीच्या बाहेर या आणि शेवटचा डबा डोळ्यांनी पाहा. यंत्र बिघडेल म्हणून मी हे सांगत नाही. ते बहुधा बिघडणार नाही. त्या डब्यापर्यंत जी माणसे बसलेली आहेत त्यांच्यासाठी आपण जामीन राहिलो आहोत, याची आठवण ज्याला रोज नव्याने होते, त्याच्याच हाताने दिलेला मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा असतो.